प्राथमिक शिक्षकाची तपासणी आणि शिक्षकाला साथ

(संस्थेच्या शिक्षक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



प्राथमिक शाळांतील शिक्षकांचे पर्यवेक्षण हा विषय आपण मला बोलण्यासाठी दिला आहे. विषय तसा कोरडा वाटतो. परंतु या सभागृहात एका बाजूला शाळा तपासणारे बसले आहेत आणि दुसऱ्या बाजूला ज्यांच्या शाळा तपासल्या जातात ते बसले आहेत. दोघांनाही या विषयावर पुष्कळ सांगायचे असते, पण एकमेकांसमोर ते सहसा बोलत नाहीत. म्हणूनच हा विषय उघडपणे चर्चिला जाणे मला अगत्याचे वाटते.

आपल्याकडे पर्यवेक्षण म्हटले की पहिला शब्द आठवतो तो तपासणी. जुन्या काळी खेड्यापाड्यांत दिपोटी येणार म्हटले की शाळा सारवली जाई, भिंतींना चुना लागे, हुशार मुले पुढच्या रांगेत बसत आणि टाचणवही रात्रीतून पुरी होई. आज दिपोटी हे नाव गेले. विस्तार अधिकारी आले, गटशिक्षणाधिकारी आले, केंद्रप्रमुख आले. पण चुना आणि टाचणवही यांचा रिवाज पूर्णपणे गेला असे कोणी छातीठोकपणे म्हणू शकेल काय? साहेब हजेरीपट पाहतात, पोषण आहाराची नोंदवही पाहतात, दोन मुलांना पाढे विचारतात, शेरेबुकात चार ओळी लिहितात आणि पुढच्या शाळेकडे निघतात. त्या चार ओळींत बहुधा लिहिलेले असते की अप्रगत मुलांकडे अधिक लक्ष द्यावे. लक्ष द्यावे हे शिक्षकाला ठाऊकच असते. कसे द्यावे, हे मात्र त्या शेऱ्यात नसते.

यात कोणा एका साहेबाचा किंवा कोणा एका गुरुजींचा दोष आहे असे मला म्हणावयाचे नाही. ही रचनाच अशी आहे. जो माझी उणीव पाहणार तोच माझी वेतनवाढ, बदली किंवा गोपनीय अहवाल यांवर परिणाम करणार असेल, तर मी माझी उणीव त्याला दाखवणार नाही. हा मनुष्यस्वभाव आहे. आणि वैद्यापासून दुखणे लपवले तर वैद्य कितीही निष्णात असला तरी त्याचा उपयोग नाही. माझे आजचे सारे म्हणणे या एका मुद्द्याभोवती आहे. तपासणी आणि साथ ही दोन वेगळी कामे आहेत. तपासणी आपल्याकडे दीडशे वर्षांहून अधिक काळ चालू आहे. साथ देण्याचे काम अजून नीट सुरू व्हायचे आहे.

हे काम सुरू का झाले नाही, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. सरकारी शिक्षण खाते आणि त्यातील तपासनीस ही व्यवस्था १८५४ च्या वुड यांच्या खलित्यातून आली. शाळांना सरकारी पैसा मिळणार, तेव्हा तो योग्य रीतीने खर्च होतो की नाही हे पाहणारा माणूस हवा, हा त्यामागचा विचार. पुढे परीक्षेच्या निकालावर अनुदान देण्याची पद्धत आली. म्हणजे तपासनीस वर्गात आला की त्याच्या एका हातात प्रश्न आणि दुसऱ्या हातात पैशाची थैली. शिक्षकाशी त्याचे नाते पहिल्या दिवसापासून हिशेबाचे जडले.

या व्यवस्थेतील पोकळपणा ज्यांनी फार लवकर ओळखला त्यांत महात्मा जोतीराव फुले हे एक. १८८२ साली हंटर आयोगापुढे त्यांनी जे निवेदन सादर केले, त्यात सर्वांना प्राथमिक शिक्षण मिळावे ही मागणी आहे, हे आपण सर्व जाणतो. परंतु त्याच निवेदनात शाळांच्या देखरेखीबद्दलही त्यांनी लिहिले आहे, तिकडे आपले लक्ष कमी जाते. वर्षातून एकदा डिप्टी इन्स्पेक्टर येऊन गेल्याने शाळेचा म्हणावा तसा फायदा होत नाही, निदान तीन महिन्यांतून एकदा तरी शाळा पाहिली जावी, असे त्यांनी सांगितले. जिल्ह्यातील व गावातील इतर अधिकाऱ्यांवर हे काम सोपवून भागणार नाही, कारण त्यांच्यामागे नाना कामे असतात आणि त्यांची पाहणी वरवरची होते, हेही त्यांनी नमूद केले. त्याबरोबरच शिक्षक प्रशिक्षित असावा व त्याला पोटापुरता नव्हे तर बऱ्यापैकी पगार असावा, असा त्यांचा आग्रह होता. पूर्वसूचना न देता शाळा पाहावी असे म्हणणारा हा कडक माणूस शिक्षकाच्या पगाराचीही तितकीच काळजी करतो, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

आता आपल्या घराजवळ येऊ. नागपूरहून अवघ्या पंचाहत्तर किलोमीटरवर वर्धा आणि सेवाग्राम आहे. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याला महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय शिक्षण परिषद भरली. तेथे मूलोद्योग शिक्षणाची, म्हणजेच नयी तालीमची कल्पना देशापुढे आली. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, ते मातृभाषेतून, आणि एखाद्या हस्तोद्योगाच्या आधाराने. अभ्यासक्रम आखण्यासाठी समिती नेमली गेली आणि तिचे अध्यक्ष झाले जामिया मिल्लिया इस्लामियाचे डॉ. झाकीर हुसेन. समितीत ख्वाजा गुलाम सय्यदैन होते, विनोबा भावे होते, काका कालेलकर, किशोरलाल मशरूवाला, जे. सी. कुमारप्पा होते, आर्यनायकम् दांपत्य होते. त्याच वर्षीच्या डिसेंबरात अहवाल तयार झाला. १९३८ साली हिंदुस्तानी तालीमी संघ सेवाग्रामला सुरू झाला आणि त्याचेही अध्यक्षपद झाकीर हुसेन यांच्याकडेच आले.

या अहवालाबद्दल बोलताना लोक चरखा आणि टकळी यांवर थांबतात. स्वावलंबनावर वाद घालतात. परंतु त्या अहवालात पर्यवेक्षण आणि परीक्षा यांसाठी स्वतंत्र विभाग आहे. पर्यवेक्षक हा वरून हुकूम सोडणारा अधिकारी नसावा, अधिक अनुभव असलेल्या सहकाऱ्याने दिलेली मदत असे पर्यवेक्षणाचे स्वरूप असावे, असा त्याचा रोख आहे. त्या काळाच्या मानाने हा विचार फार पुढचा होता. शिक्षकांसाठी समितीने तीन वर्षांचा पूर्ण अभ्यासक्रम सुचवला आणि निकडीची गरज म्हणून एक वर्षाचा छोटा अभ्यासक्रमही आखला. जामियात ‘उस्तादों का मदरसा’ १९३८ सालीच सुरू झाला. आता विचार करा. एका वर्षात तयार झालेला तरुण शिक्षक खेड्यात एकटा जाणार, हाती नवी पद्धत, पाठ्यपुस्तक अपुरे, गावकरी साशंक. त्याच्या मागे कोणी जाणता माणूस वारंवार जाऊन उभा राहिला नाही, तर तो महिनाभरात जुन्या घोकंपट्टीकडे वळणार. प्रशिक्षण जितके आखूड, तितकी नंतरची साथ अधिक लागते. हा साधा हिशेब आहे.

तसे झाले काय? त्या वेळी नागपूर ही मध्यप्रांत-वऱ्हाडची राजधानी होती. पंडित रविशंकर शुक्ल यांनी येथे विद्यामंदिर योजना आणली. शाळेला जमीन जोडायची आणि तिच्या उत्पन्नातून शिक्षकाचा खर्च चालवायचा, अशी ती योजना. त्या नावावरून आपल्या समाजात मोठी नाराजी निर्माण झाली, नागपुरात आंदोलनही झाले. मुसलमान मुलांच्या शाळेला हे नाव का, हा प्रश्न समाजाच्या दृष्टीने लहान नव्हता आणि त्याला कमी लेखण्याचा माझा उद्देश नाही. पण त्या सगळ्या गदारोळात शाळेच्या नावावर, झेंड्यावर आणि गीतावर जितके बोलले गेले, त्याच्या शतांशाने तरी त्या शाळेतील शिक्षकाला शिकवताना कोण मदत करणार यावर बोलले गेले काय? नोव्हेंबर १९३९ मध्ये प्रांताच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि योजनेचा जोर ओसरला. पुढे स्वातंत्र्यानंतर मूलोद्योग शिक्षण हे राष्ट्रीय धोरण झाले खरे, परंतु बहुतेक शाळांत टकळी ही एक वस्तू उरली, तासिकेतली एक नोंद उरली. अधिकारी येत, सूत किती कातले ते मोजत आणि जात. सूत काततानाच गणित कसे शिकवायचे, हे वर्गात बसून दाखवणारे फारच थोडे होते.

एक गोष्ट मला येथे सांगावीशी वाटते. आपल्या मोमिनपुऱ्यात आणि कामठीत पिढ्यानपिढ्या विणकरांची घरे आहेत. हातमागावर नवा मुलगा बसला की उस्ताद काय करतो? तो दारात वही घेऊन उभा राहत नाही. तो शेजारी बसतो. धागा तुटला की स्वतः जोडून दाखवतो. मुलाचा हात धरून धोटा कसा फेकायचा ते दाखवतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन कालचा कापड पाहतो. ज्या योजनेने हस्तोद्योगाला शिक्षणाच्या मध्यभागी ठेवले, तिच्या अंमलबजावणीत उस्तादाची ही रीत शिक्षकाच्या वाट्याला आली नाही, हे मोठे दुर्दैव म्हटले पाहिजे.

स्वातंत्र्यानंतर हा विचार पुन्हा पुढे आला तो कोठारी आयोगाच्या अहवालात. १९६४ ते ६६ या काळात काम केलेल्या या आयोगाचे सदस्य-सचिव आपल्या महाराष्ट्राचे जे. पी. नाईक होते. आयोगाने स्पष्ट सांगितले की प्रशासन आणि पर्यवेक्षण ही कामे वेगळी करावीत. बदल्या, पगार, मान्यता पाहणारे वेगळे असावेत आणि शिकवण्यात मार्गदर्शन करणारे वेगळे असावेत. एका माध्यमिक शाळेभोवती जवळपासच्या प्राथमिक शाळा जोडून त्यांचा संकुल-समूह करावा, म्हणजे शिक्षक एकटे पडणार नाहीत, असेही आयोगाने सुचवले. तीच शाळा-संकुलाची कल्पना २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात पुन्हा आली आहे. चोपन्न वर्षांनी तीच शिफारस पुन्हा करावी लागते, यावरून तिची गरज किती खरी आहे आणि तिची अंमलबजावणी किती अवघड आहे, ही दोन्ही अनुमाने निघतात.

मध्यंतरी काहीच झाले नाही असे नाही. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणानंतर जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था निघाल्या. १९९४ साली महाराष्ट्र शासनाने केंद्रप्रमुखाचे पद निर्माण केले. राज्यात ४,८६० केंद्रे झाली, साधारण दहा शाळांमागे एक केंद्रप्रमुख. कल्पना उत्तम होती. आपण जरा हिशेब करू. समजा, एका केंद्रात दहा शाळा आणि चाळीस शिक्षक आहेत. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीसाठी वर्षाचे किमान दोनशे कामाचे दिवस. त्यांतले निम्मे दिवस बैठका, अहवाल आणि माहिती गोळा करण्यात गेले असे धरले तरी शंभर दिवस उरतात. दिवसाला दोन वर्ग शांतपणे पाहिले तर वर्षात दोनशे भेटी होतात. म्हणजे प्रत्येक शिक्षकाला वर्षात पाच वेळा जाणत्या माणसाची साथ मिळू शकते. जोतीरावांनी वर्षाला चार मागितल्या होत्या. कागदावर हिशेब अशक्य नाही. परंतु केंद्रप्रमुखांच्या पुष्कळ जागा वर्षानुवर्षे रिकाम्या राहिल्या, एकाकडे दोन-दोन केंद्रांचा भार आला, आणि उरलेला वेळ ऑनलाइन माहिती भरण्यात व ती तातडीने मागवण्यात जाऊ लागला. साथ देण्यासाठी नेमलेला माणूस टपाल वाहणारा झाला.

तरीही एका अधिकाऱ्याने मनावर घेतले तर काय घडू शकते याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमध्ये सुमारे चाळीस जिल्हा परिषद शाळा. तेथील विस्तार अधिकारी श्रीमती प्रतिभा भराडे यांनी शिक्षकांना बरोबर घेऊन मुलांना करून शिकू देणारी ज्ञानरचनावादी पद्धत या साध्या सरकारी शाळांत रुजवली. २०१५ साली शासनाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम सुरू केला, त्या सुमारास राज्याच्या कानाकोपऱ्यांतून शिक्षक कुमठ्याच्या शाळा पाहायला जाऊ लागले. त्या शाळांना वेगळा पैसा किंवा वेगळे शिक्षक दिलेले नव्हते. पद तेच, विस्तार अधिकाऱ्याचे. फरक होता तो त्या पदावरच्या व्यक्तीने शिक्षकांशी जोडलेल्या नात्यात. भिंतींवरची चित्रे आणि फरशीवरच्या आकृत्या यांची नक्कल पुढे पुष्कळ ठिकाणी झाली. त्या नात्याची नक्कल करणे मात्र सोपे नाही.

आता मी आपल्या शाळांच्या खास प्रश्नाकडे वळतो. आपल्या शाळांपैकी बहुतेक उर्दू माध्यमाच्या आहेत. शाळा पाहायला येणारा अधिकारी सज्जन असतो, कष्टाळू असतो, पण पुष्कळदा त्याला उर्दू वाचता येत नाही. मग तो काय पाहणार? हजेरी पाहणार, स्वच्छता पाहणार, आहार पाहणार. मुलाच्या वहीत काय चालले आहे ते त्याला कसे कळावे?

याचे महत्त्व किती आहे ते पाहा. उर्दू वाचायला शिकणाऱ्या मुलापुढे काही अडचणी अशा असतात की ज्या मराठी शाळेतल्या मुलापुढे नसतात. अक्षराचे रूप शब्दाच्या सुरुवातीला वेगळे, मध्ये वेगळे, शेवटी वेगळे. काही अक्षरे पुढच्या अक्षराला जोडली जातात, काही जोडली जात नाहीत. ज़ेर, ज़बर, पेश ही चिन्हे पहिलीच्या पुस्तकात असतात आणि पुढे हळूहळू नाहीशी होतात. अलिफ आणि सीन ही दोन अक्षरे चिन्हांवाचून लिहिली तर तो शब्द ‘इस’ही होतो आणि ‘उस’ही होतो. वाक्याचा अर्थ कळला तरच मूल बरोबर वाचू शकते. ‘स’ या एका आवाजासाठी से, सीन आणि स्वाद अशी तीन अक्षरे, आणि ‘ज़’ या आवाजासाठी ज़ाल, ज़े, ज़्वाद आणि ज़ोय अशी चार. तेव्हा तिसरीतल्या मुलाने इमला लिहिताना स्वादच्या जागी सीन लिहिले, तर ते मूल निष्काळजी नाही. त्याने ऐकले ते बरोबर लिहिले. त्यात भर म्हणजे उर्दू उजवीकडून डावीकडे, मराठी आणि इंग्रजी डावीकडून उजवीकडे, आणि आकडे उर्दूच्या ओळीतही डावीकडून. सात-आठ वर्षांचे मूल तीन लिप्या सांभाळत असते.

हे सारे ज्याला ठाऊक आहे तोच शिक्षिकेला सांगू शकतो की बाई, या दहा मुलांच्या चुका एकाच प्रकारच्या आहेत, यांना पुन्हा सारे पुस्तक वाचायला लावू नका, ज़ेर-ज़बर नसलेले शब्द छोट्या वाक्यांतून वाचायला द्या. ज्याला हे ठाऊक नाही तो एवढेच लिहिणार की वाचन कच्चे आहे. पहिल्या वाक्याने त्या शिक्षिकेला उद्या सकाळी काय करायचे ते कळते. दुसऱ्या वाक्याने तिची फक्त रात्रीची झोप जाते. आणि यात खरे नुकसान होते ते मुलाचे. चौथीपर्यंत ज्याला वाचता आले नाही, त्याला पाचवीचे इतिहास, भूगोल, विज्ञान सारेच बंद होते. तो मागे बसू लागतो, मग गैरहजर राहू लागतो, आणि एके दिवशी गॅरेजमध्ये किंवा दुकानात दिसतो. आपण म्हणतो की समाजात शिक्षणाची आवड नाही. खरे तर त्या मुलाची आवड ‘इस’ आणि ‘उस’च्या फरकात अडकली होती आणि ती सोडवायला शिक्षिकेच्या शेजारी कोणी नव्हते.

नव्या शिक्षकाची स्थिती याहून नाजूक. राज्यात २००० सालापासून शिक्षणसेवकाची पद्धत आली. पहिली तीन वर्षे मानधनावर. पुढची मान्यता होईल की नाही याची धाकधूक. अशा तरुण मुलीला पन्नास मुलांचा वर्ग दिला आणि मागच्या रांगेतल्या मुलांना काही कळत नाही हे तिच्या ध्यानात आले, तर ती ते कोणाला सांगेल? मुख्याध्यापकांना सांगितले तर तिला येत नाही अशी नोंद होईल ही भीती. म्हणून ती गप्प राहते. मदतीची गरज ज्या वर्षांत सर्वांत जास्त, त्याच वर्षांत तोंड उघडण्याची हिंमत सर्वांत कमी. ही अवस्था आपल्याला बदलता येणार नाही काय?

मला वाटते, येईल, आणि ती बदलण्याची जबाबदारी प्रथम आपली आहे. राज्यघटनेच्या तिसाव्या अनुच्छेदाने अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला आहे. या हक्कासाठी आपण न्यायालयात जातो, जावेही. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेवेतील शिक्षकांच्या पात्रता परीक्षेबद्दल जो निकाल दिला, त्यात ज्यांच्या सेवेची पाच वर्षांहून अधिक मुदत उरली आहे त्यांनी दोन वर्षांत परीक्षा उत्तीर्ण व्हावी असे सांगितले आणि अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांचा प्रश्न मोठ्या पीठाकडे जावा असे म्हटले. त्या दिवसापासून आपल्या शिक्षकांत चिंता पसरली, ते स्वाभाविक आहे. न्यायालयात जे व्हायचे ते होईल. पण परीक्षा शिक्षकाला काय येते ते सांगते, वर्गात अडल्यावर ती त्याच्या मदतीला येत नाही. चालवण्याचा हक्क आपला असेल तर शिक्षकाला उभे करण्याचे कर्तव्यही आपलेच आहे. ते दुसऱ्या कोणावर ढकलता येणार नाही.

तेव्हा संस्थेपुढे आणि मुख्याध्यापकांपुढे मी काही सूचना नम्रपणे ठेवतो. यात मोठ्या खर्चाचे काही नाही.

पहिली सूचना. आपल्या प्राथमिक शाळांतील अनुभवी, मुलांत रमणाऱ्या आणि उर्दू, मराठी दोन्ही जाणणाऱ्या एका शिक्षकाला किंवा शिक्षिकेला आठवड्यातले दोन दिवस वर्गातून मोकळे करावे. त्यांना सहायक शिक्षक म्हणा, उस्ताद म्हणा, नावावर वाद नको. वर्षाचे चाळीस आठवडे धरले तर ऐंशी दिवस होतात. दिवसाला दोन वर्ग पाहिले तर एकशे साठ भेटी. तीस शिक्षकांमागे असा एक माणूस असेल तर प्रत्येकाला वर्षात पाच वेळा साथ मिळेल. त्या दोन दिवसांसाठी एका बदली शिक्षकाचे मानधन संस्थेला द्यावे लागेल. या स्मरणिकेच्या जाहिरातींतून जे उत्पन्न येते त्यातला थोडा भाग यासाठी बाजूला काढता येईल.

दुसरी सूचना. या माणसाच्या हाती शेरेबुक असू नये. त्याने पाहिलेले आणि शिक्षकाने त्याला सांगितलेले गोपनीय अहवालात जाता कामा नये. हा नियम संस्थेने ठराव करून लेखी जाहीर करावा. वेळेवर न येणारे, रजेचा अर्ज न देणारे, वर्गात न जाणारे यांच्याकडे पाहण्याचे काम मुख्याध्यापकांचे आणि संस्थेचे आहे, ते त्यांनी जरूर करावे आणि कडकपणे करावे. साथ म्हणजे कामचुकारपणाला पांघरूण नव्हे. पण दोन्ही कामे एका हाताने होत नाहीत.

तिसरी सूचना भेट कशी असावी याबद्दल. वर्गात जाण्यापूर्वी शिक्षकालाच विचारावे की आज मी काय पाहू? वर्गात मागे बसून शिक्षकाकडे टक लावून पाहण्यापेक्षा मुलांच्या वह्या पाहाव्यात, एखाद्या मुलाजवळ बसून त्याचे वाचन ऐकावे. शिक्षकाची इच्छा असेल तर एखादा पाठ स्वतः घेऊन दाखवावा. तो पाठ फसला तरी हरकत नाही, दोघांना बोलायला विषय मिळतो. नंतर पंधरा मिनिटे दोघांनीच बसावे, मुलांसमोर किंवा स्टाफरूममध्ये नव्हे. दहा सूचना देऊ नयेत, एकच गोष्ट ठरवावी. आणि पुन्हा कधी येणार ती तारीख सांगून त्या तारखेला यावे. मला विचाराल तर यातले शेवटचे सर्वांत महत्त्वाचे. एकदा येऊन जाणारा पाहुणा असतो, पुन्हा येणारा सोबती होतो.

चौथी सूचना. महिन्याची जी शिक्षकांची सभा होते तिचा पहिला तास परिपत्रकांसाठी वापरू नये. परिपत्रक भिंतीवर लावता येते. प्रत्येक शिक्षकाने आपल्या वर्गातील एका अडलेल्या मुलाची वही आणावी आणि त्या वहीवर सर्वांनी मिळून विचार करावा. एका सभेत दोन वह्या झाल्या तरी पुरे. अमुक शिक्षकाला येत नाही असे तिथे बोलले जाणार नाही, हे मूल इथे का अडले एवढेच बोलले जाईल. या रीतीने कमजोर शिक्षकालाही तोंड उघडता येते आणि जुन्या शिक्षकाच्या गाठीचे शहाणपण नव्याला मिळते.

पाचवी आणि शेवटची सूचना नव्या शिक्षकांसाठी. रुजू झाल्यापासून पहिले वर्ष त्यांना पहिलीचा सर्वांत मोठा वर्ग आणि स्नेहसंमेलनाची सारी जबाबदारी देण्याची जी प्रथा कित्येक शाळांत आहे ती बंद व्हावी. नवा आहे, उत्साही आहे, म्हणून सारे त्याच्या डोक्यावर. त्याऐवजी त्याच्या शेजारच्या वर्गातील एका अनुभवी शिक्षकाने आठवड्यातून एक तास त्याच्यासोबत काढावा, आणि नव्यानेही एक तास जुन्याच्या वर्गात जाऊन बसावे.

काही मंडळी विचारतील की इतके सारे करून फळ काय? मी एवढेच सांगेन की मुलांच्या वह्या दरवर्षी जूनमध्ये आणि एप्रिलमध्ये पाहाव्यात आणि संस्थेने स्वतःच ठरवावे. शंभर टक्के निकालाचा फलक आपल्या शाळांच्या दारावर लावणे मला नापसंत नाही. परंतु दहावीचा निकाल ज्या मुलांचा लागतो ती मुले तिथवर पोहोचलेली असतात. जी दुसरीत आणि तिसरीतच मागे पडली त्यांची गणती त्या फलकावर होत नाही. प्राथमिक शिक्षकाला दिलेली साथ ही त्या न मोजलेल्या मुलांना दिलेली साथ आहे.

सेवाग्रामला नयी तालीम समितीने २००५ साली आनंद निकेतन ही शाळा पुन्हा सुरू केली. नागपूरहून सकाळी निघालो तर संध्याकाळपर्यंत पाहून परत येता येते. आपल्या शिक्षकांची एक तुकडी वर्षातून एकदा तेथे न्यावी अशीही माझी विनंती आहे. शिक्षकाने दुसऱ्या शिक्षकाचे काम पाहणे हे शंभर भाषणांपेक्षा मोलाचे असते, आणि त्या शंभरांत मी माझे आजचे भाषणही धरतो.

डॉ. झाकीर हुसेन पुढे राष्ट्रपती झाले, पण स्वतःला ते अखेरपर्यंत शिक्षकच मानत. त्यांच्या समितीने वर्ध्याच्या भूमीवर ज्या पर्यवेक्षकाची कल्पना केली होती तो सरकारी खात्यात अजून क्वचितच दिसतो. आपल्या संस्थेत तो येत्या जूनपासून दिसू शकेल. त्यासाठी कोणाच्या मान्यतेची वाट पाहायची गरज नाही. अध्यक्ष महाशयांनी आणि कार्यकारी मंडळाने या सूचनांचा विचार करावा, त्यांत सुधारणा कराव्यात, आणि निदान एका शाळेत एक वर्ष हा प्रयोग करून पाहावा, एवढीच माझी प्रार्थना आहे.